दिवसाला चौदा चहा, वर वीस रुपयांची बाटली : कॅफिन किती झालं की जास्त झालं?

इस्लापूर (ता. किनवट), वार्ताहर : मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि आमच्या फिडरला त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. दहाला यायची, सकाळी सहाला जायची. थंडी, वरून रानडुकराची भीती, त्यामुळे झोप लागू द्यायची नाही म्हणून घरून मोठा थर्मास भरून चहा नेला होता. चौथ्या रात्री तीनच्या सुमारास छातीत धडधड सुरू झाली. हाताला कापरं सुटलं, एवढ्या थंडीत कपाळाला घाम. मोटार बंद केली आणि बांधावरच बसलो. वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

उजाडल्यावर धाकट्या भावाने गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी बघितला, ईसीजी काढला. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "चहा किती घेता?"

मी म्हणालो, "जास्त नाही साहेब, चार-पाच कप."

भाऊ बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "चार-पाच तर दादाचे बसस्टँडवरच व्हतेत, साहेब. घरचे अन् रानातले अलग."

डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि कालचा एकेक चहा आठवून लिहायला लावला. चौदा भरले. शिवाय रात्री डोकं दुखतं म्हणून एक गोळी घेतली होती. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफिन असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून या विषयावर जिथून मिळेल तिथून वाचलं, डॉक्टरांना विचारलं. आपल्या भागात दारू-तंबाखूवर सगळे बोलतात, चहावर कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. छातीत धडधड, दुखणं, दम लागणं असं काही झालं तर "चहाने झालं असेल" म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना, मग चहाचा हिशोब.

कॅफिन नेमकं करतं काय?

आपण दिवसभर काम करतो तसा मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतल्या आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसला की अंग जड होतं, डोळे मिटायला लागतात. थकवा आला, आता झोप, असा तो निरोप असतो.

कॅफिन काय करतं, तर त्या जागेवर आधीच जाऊन बसतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसंच. ॲडिनोसिन दारात उभं राहतं, त्याला बसायला जागा मिळत नाही. म्हणून आपल्याला तरतरी वाटते. पण थकवा गेलेला नसतो, फक्त त्याचा निरोप अडलेला असतो. रुमाल उचलला की दारातली सगळी गर्दी एकदमच आत येते. चहा उतरल्यावर आपण एकदम गळून जातो त्याचं कारण हे.

कॅफिन पोटात गेल्यावर पाऊण-एक तासात रक्तात त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. मग लिव्हर त्याला हळूहळू मोडतं. साधारण पाच तासांनी निम्मं उरतं, पुढच्या पाच तासांनी त्याच्याही निम्मं. कोणाचं लिव्हर जलद काम करतं, कोणाचं हळू. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं आणि पाव हिस्सा पहाटे चारला. गरोदर बाईच्या अंगातून ते निघायला शेवटच्या महिन्यांत याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

किती चालतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांच्या आहारासाठी नवी मार्गदर्शक सूचना काढली. ही संस्था आयसीएमआरच्या अखत्यारीत आहे. तिने दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको असं म्हटलं आहे. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळेला २०० मिलिग्रॅमपर्यंत काळजीचं कारण नाही असं सांगितलं होतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी त्यांनी दिवसाची मर्यादा २०० ठेवली. लहान लेकरांसाठी वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या लेकराला ६०.

आता आपल्या कपात किती असतं? पोषण संस्थेने १५० मिलीच्या कपाचा हिशोब असा दिला आहे :

- चहा : ३० ते ६५ मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी : ५० ते ६५ मिलिग्रॅम
- बियांची पूड उकळून किंवा गाळून केलेली कॉफी : ८० ते १२० मिलिग्रॅम

हॉटेलातला आपला कट याच्या निम्माच असतो. म्हणजे एका कटात साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम धरा. पत्ती जास्त टाकून, उकळून-उकळून काळा केलेला चहा असेल तर वरचाच आकडा धरावा. माझ्या चौदा चहात निम्मे कट होते आणि निम्मे घरचे, थर्मासचे भरून ग्लास. कमीत कमी धरलं तरी ३०० च्या वर जातं, जास्तीत जास्त धरलं तर ६०० च्या वर. वर गोळी वेगळी. बांधावर धडधड काहून झाली याचं उत्तर या बेरजेत होतं.

याच चहातली साखरही मोजा. कपाला दीड चमचा धरला तरी चौदा कपांची एकवीस चमचे होते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५. शुगरवाल्यांनी तर कॅफिनच्या आधी याच आकड्याची धास्ती घ्यावी.

जास्त झालं की काय होतं?

पहिला तडाखा झोपेला बसतो. अमेरिकेत २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर त्यांची झोप तासाभराहून जास्त घटली. आपण म्हणतो, "मला चहा पिऊनबी झोप लागते." लागते, पण ती सावध झोप असते. सकाळी अंग आंबलेलं वाटतं, म्हणून उठल्या-उठल्या पुन्हा चहा. त्या चहामुळे पुन्हा रात्रीची झोप कच्ची. हे चक्र असं फिरत राहतं.

दुसरं, जीव घाबरणं, धडधड, हाताला कंप, चिडचिड. ज्याचा स्वभाव मुळातच काळजी करण्याचा आहे त्याला हा त्रास जास्त. कर्जाचा हप्ता, पावसाचा खंड, कापसाचा भाव हे डोक्यात आधीच असतं. त्यावर दहा चहा ओतले तर रात्री छताकडे बघत पडावं लागतं.

तिसरं, बीपी. कॅफिनने बीपी काही तासांसाठी वाढतो. रोज पिणाऱ्याला हा परिणाम कमी जाणवतो, पण बीपीची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरांना आपल्या चहाचा खरा आकडा सांगावा. मी सांगितला तसा खोटा नाही. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहाही घेऊ नये.

चौथं, पोट. उपाशीपोटी कडक चहा घेतला की अनेकांना जळजळ होते, आंबट ढेकर येतात. मग ॲसिडिटीची गोळी सुरू होते आणि चहा तसाच चालू राहतो.

हेही सांगितलं पाहिजे की चहा म्हणजे विष नाही. दिवसाला दोन-तीन कपांनी धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही.

वीस रुपयांची बाटली

चहा निदान आपल्याला ओळखीचा आहे. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या किराणा दुकानात, पानटपरीवर जी रंगीत एनर्जी ड्रिंकची बाटली आली, ती वेगळीच गोष्ट आहे. चौथी-पाचवीचं लेकरू वीस रुपये घेऊन येतं आणि बाटली फोडून घटाघटा पितं. त्याच्या बापाला वाटतं, पोरगं सरबत पिऊन राहिलं.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम झालं. मोठ्या माणसाला हा आकडा फार नाही. पण वीस किलोच्या लेकराची दिवसाची मर्यादा ६० आहे, हे वर आलंच. एका बाटलीत ती ओलांडली जाऊ शकते. चहा गरम असतो, आपण फुंकून घोट-घोट पितो. बाटली थंड अन् गोड, दोन मिनिटात रिकामी. सगळं कॅफिन एकदमच आत.

याच नियमात बाटलीवर छापायला लावलेल्या सूचनाही आहेत. कॅफिन जास्त असल्याची, लेकरं, गरोदर आणि पाजणाऱ्या बायांसाठी नाही याची आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर घेऊ नये याची. सूचना छापलेली असते, पण बारीक अक्षरात. पुढची बाटली घेतली की उलटी करून वाचा, लेकरालाही वाचायला लावा.

जुलै २०२४ मध्ये हा विषय विधान परिषदेत निघाला होता. आमदार सत्यजीत तांबे यांच्या प्रश्नावर तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकवर बंदी घालू असं सभागृहात सांगितलं. आता आपल्यासारख्या गावाचा विचार करा. शाळेपासून ५०० मीटर म्हणजे बहुतेक गावांत बसस्टँड, बाजार, सगळ्या टपऱ्या आल्या. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना ही पेयं विकणंच बंद केलं. आपल्याकडे कायदा कोणता, आदेश कोणता, याची वाट न बघता दुकानदार आणि मायबापांनी ठरवलं तर उद्यापासून लेकराच्या हातात ती बाटली जाणार नाही.

दुसरा गट पोलीस भरतीच्या पोरांचा. सकाळी पळायच्या आधी एक बाटली मारली की पाय हलके वाटतात म्हणतात. पण वर सांगितलं तसं थकव्याचा निरोप अडलेला असतो. शरीर थांब म्हणून सांगत असतं आणि ते ऐकू येत नाही. उन्हात, उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन असं पळणं धोक्याचं आहे. घरात कोणाला हृदयाचा आजार असेल, कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर अशा पोरांनी ही बाटली तोंडालाही लावू नये. नांदेड-लातूरला नीटच्या तयारीला गेलेल्या लेकरांच्या मायबापांनीही रात्रीच्या जागरणाला काय पिता हे फोनवर एकदा विचारावं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते.

दारूत ही बाटली मिसळून पिणारे वेगळे. त्यांना चढलेली कळत नाही, म्हणून ते जास्त पितात, गाडीला किक मारतात. नशा तेवढीच असते, फक्त तिची जाणीव कमी होते.

लोहाची गोळी आणि चहाचा घोट

आता माझ्या घरातली चूक सांगतो, कारण ती घरोघरी होते. आमच्या घरी हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा मंडळींचं आठच्या आसपास निघालं. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन-तीन महिने गोळ्या चालू, तरी आकडा हलेना. आम्ही गोळ्यांना नावं ठेवली. मग आशाताईंनी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" बायको म्हणाली, "चहासोबत. मळमळ होत नाही."

चूक तिथेच होती. आणि इथे दोष कॅफिनचा नाही, चहातल्याच दुसऱ्या पदार्थाचा, टॅनिनचा आहे. तो पोटात लोहाला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. भाजी, डाळ, बाजरी यांतून मिळणारं लोह जेवणासोबत चहा घेतला तर निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. म्हणूनच पोषण संस्थेने जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको असं स्पष्ट सांगितलं आहे.

आपल्याकडे काय चालतं? सकाळी लेकराला चहा-पोळी, चहा-खारी. कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी चहावर निघते, दुपारी भाकरी खाल्ली की लगेच पुन्हा चहा. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी असल्याचं दिसलं. याचं सगळं खापर चहावर फोडता येणार नाही. खाण्यातच लोह कमी, पाळीचं रक्त जाणं, जंत, लागोपाठची बाळंतपणं, आपल्या आदिवासी भागात सिकलसेल, अशी बरीच कारणं आहेत. पण बाकीची कारणं आपल्या हातात लगेच येत नाहीत. चहाची वेळ बदलणं आजच हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

गोळी जेवणानंतर तासाभराने, पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. आंबट पदार्थाने लोह चांगलं लागू होतं. गरोदरपणात कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर ती लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या. आमच्या घरी एवढाच बदल केला. पुढच्या तपासणीत आकडा दहाच्या पुढे गेला.

फवारणीचा दिवस

कापूस-सोयाबीनवर फवारणी करताना डोकं गरगरलं, मळमळलं, हात कापले, घाम सुटला तर आपल्याकडे पहिला उपाय चहा, आणि आता ती बाटली. असं करू नका. ही लक्षणं औषधाच्या विषबाधेचीही असतात. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण जवळून बघितलं आहे. पंप खाली ठेवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.

सोडायचा कसा?

मी डॉक्टरांचं ऐकून आलो आणि दुसऱ्या दिवशी चहा एकदम बंद केला. संध्याकाळपासून डोकं ठणकायला लागलं. दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही, घरात सगळ्यांवर ओरडलो. तिसऱ्या दिवशी बायकोनेच कप हातात दिला. नंतर कळलं की हे ठरलेलंच असतं. कॅफिन एकदम तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते आणि आठवडाभर राहू शकते. म्हणून तोडायचं नाही, उतरवत आणायचं.

मला जे जमलं ते असं :

- पहिले तीन दिवस काही कमी न करता फक्त मोजा. खिशात कागद ठेवून प्रत्येक कपाला एक रेघ ओढा.
- दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. आधी रात्रीचा, मग संध्याकाळचा.
- दुपारी तीननंतर चहा नको. रात्रपाळीला थर्मासात गरम पाणी, सुंठ-गुळाचा काढा किंवा ताक न्या.
- उठल्या-उठल्या आधी पाणी, पोटात काही गेल्यावर चहा.
- गुळाचा चहा म्हणजे बिनकॅफिनचा चहा नव्हे. पत्ती तीच असते. कोरा चहा, ग्रीन टी यांतही कॅफिन आहे.
- डोकेदुखीची गोळी घेताना दुकानदाराला कॅफिन आहे का ते विचारा.
- दहा-बारा वर्षांच्या आतल्या लेकराला चहाऐवजी दूध, नाहीतर साधं पाणी.

सगळ्यात अवघड भाग घरातला नाही, बाहेरचा आहे. तहसीलला जा, बँकेत जा, सोयरिकीला जा, पहिला शब्द "चहा सांगा". नाही म्हटलं तर माणूस नाराज. बातमीदाराला तर दिवसात दहा ठिकाणी जावं लागतं. आमच्या आजोबांच्या काळी पाहुण्याला गूळ-पाणी द्यायचे. १९३० च्या दशकात चहावाल्यांच्या मंडळाने देशभर गाड्या फिरवून, फुकट कप पाजून ही सवय लावली, आणि बघता-बघता तोच मान झाला. मान कपातल्या पत्तीत नसतो, विचारण्यात असतो. मी आता सरळ म्हणतो, "अर्ध्यात अर्धा करा, नाहीतर पाणी द्या." पहिल्यांदा हसले, आता तेच लोक दोघांत एक कट घेतात.

सध्या माझे दिवसाला चार कट आहेत, शेवटचा दुपारी तीनच्या आत. या हंगामातही रात्रीची लाईट आहेच, हरभराही आहे. फक्त आता भाऊ आणि मी पाळी लावतो. दहा ते दोन तो, दोन ते सहा मी. झोप आली तर चहा न पिता झोपतो. मोटारीला ऑटो बसवलेलं आहे, आपल्या अंगाला कोणी बसवून देत नाही.